आईच्या चान्यांचा धूर

नागभीड
१० नोव्हेंबर २०२४

ती. बाईस,
बापूचा सविनय जय भीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं यंत्र तू डब्यात घालून ठेवलंस हे खुशालनं फोनवर सांगितलंच होतं. ते लावलं की मुलचेऱ्यातल्या साऱ्या कोंबड्या एकदम आईच्या कानात ओरडतात, असं त्याचं म्हणणं. पोरगा आईची तक्रार सांगतो आणि आपणच हसतो. मला मात्र आतून बरं वाटलं. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून का होईना, या घरी पुन्हा पोस्टमन येऊ लागला.

आता नवलाची बातमी. परसात पेरूच्या सावलीत मी धुराची भट्टी उभी केली आहे. तेलाचा मोठा ड्रम घेतला आणि मिथुन वेल्डरकडून करून घेतली. खाली विस्तवासाठी दार, दाराला सरकती झडप. मधे कंबरेएवढं रिकामं. वर मटण टांगायला सळ्या. त्यावर झाकण, आणि झाकणाला हातभर धुराडं, त्याच्या तोंडावर फिरणारी चकती. परदेशात लोक अशी भट्टी परसात पाळतात म्हणे, अन् सुटीचा सारा दिवस तिच्याशी खेळतात. रश्मीनं आपल्या आजोबाला मोबाइलवर दाखवलं. मी म्हटलं, यात काय नवं? आमच्या आईनं हेच चुलीवर बांबूची ताटी टांगून केलं, आणि कोणी तिचं चित्र काढलं नाही.

तर बाई, बेत असा. १२ जानेवारीला आईचा स्मृतिदिन. सारं कुटुंब नेहमीप्रमाणे इथे जमेल. यंदा मला आईच्या हातच्या चान्या करायच्या आहेत. मटणाच्या त्या लांब पट्ट्या, मीठ-हळद लावून वाळवलेल्या आणि धुरात काळपट लाल झालेल्या. तेव्हाचं बैलाचं मटण आता मिळायचं नाही, कायदा आहे, म्हणून बोकडाचं घेतलं. पण धूर तर तोच असू शकतो ना?

पहिला प्रयोग परवा केला. फसला. पट्ट्यांवर काजळीचा थर बसला आणि चव अशी कडू की रश्मीनं एक तुकडा तोंडात घातला आणि सरळ नळाखाली जाऊन उभी राहिली. सकाळच्या गाडीनं ती सिंदेवाहीला भात संशोधन केंद्रात नोकरीला जाते, त्या दिवशी डब्यात नुसता भात आणि लोणचं घेऊन गेली. लाकूड मी सुताराकडचं सागाचं आणलं होतं. मोलाचं, वासाचं. झडपही घट्ट लावली होती, धूर वाया जाऊ नये म्हणून. कुठे चुकलं ते तू सांग. आईच्या शेजारी चुलीशी तू बसायचीस, मी पुस्तक घेऊन ओट्यावर.

धुराकडे पाहता पाहता दोन ओळी सुचल्या, त्या लिहितो:
कवेलूंतून निघे सकाळी निळसर बारीक धागा,
आभाळाच्या ठिगळाला मग मिळे शिवाया जागा.

एक गोष्ट आणखी. दर स्मृतिदिनाला जेवणं झाली की सगळे तुझी थट्टा करतात. केसरबाई आली, दारं लावा, कुत्री येतील. तूही हसतेस. यंदा ती थट्टा व्हायला नको असं माझ्या मनात आहे. त्यासाठीच हा सारा खटाटोप. का, ते पुढच्या पत्रात लिहीन. लिहिण्याआधी एकदा तरी धूर नीट जमावा असं वाटतं.

इतवारीबाईंना माझा जय सेवा सांग. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझ्या मायेवर वाढलेला,
बापू


मुलचेरा
२० नोव्हेंबर

चि. बापूस,
केसरबाईचा आशीर्वाद. रश्मीले मुका.

तुझं पत्र वाचून मी एवढी हसले की इतवारी कुंपणापाशी येऊन पाहू लागली, म्हातारीले झालं तरी काय. मी तिले हातवारे करून सांग्तलं, माझ्या मास्तर भावानं तेलाच्या पिंपात बोकड टांगलं, अन् ते कडू झालं. ती म्हणे, माणूस शिकला की असाच होते.

बापू, सागाच्या लाकडानं पलंग करतात, मटण नाई. सागाचा धूर तोंडात बसते. पळसही नको, तो फुलं पाहाले चांगला. मोह घे, नाई तर धावडा. वाळलेलाच घे. मोहाचं झाड मात्र तोडू नको हो. इतवारीची माणसं पडलेल्या फांद्याच उचलतात, जित्या मोहाले कुऱ्हाड लावत नाईत. तिनं तुझ्यासाठी एक भारा बांधून ठेवला हाये. गडचिरोलीच्या गाडीत टाकते, खुशाल उतरून घेईन अन् तुले पाठवीन.

दुसरी गोष्ट. तू मटण ओलंच टांगलं असशील. आई पट्ट्या आधी अर्धा दिवस उन्हात ठेवे, वरून कोरड्या होईपर्यंत. पावसाचे दिवस असले तर चुलीच्या बाजूले ठेवे. ओल्या मटणाले धूर कीट होऊन चिकटते.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. झडप लावून घेतली काऊन? धूर कोंडला की कडू होते. आपल्या रांधणीत छपराच्या कवेलूंच्या खाली बोटभर फट होती, आठवते? धूर ताटीले लागे अन् तिथून निघून जाये. मटणाजवळून धूर नुसता जाऊ द्याचा, त्याले बसवून घ्याचं नाई. वरची चकती अर्धी उघडी ठेव, खालची झडप दोन बोटं. धूर पांढरा गच्च निघाला तर समज विस्तव उपाशी हाये. बारीक निळा निघाला पाह्यजे, मागचं झाड दिसलं पाह्यजे त्याच्यातून.

ताव पाहाची आईची रीत सांगते. पट्ट्या टांगतात तिथी हात धराचा अन् बाराचा पाढा म्हणाचा. पाढा पुरा व्हायच्या आधी हात ओढला, तर ताव जास्त. पाढा म्हणून झाला अन् आणखी म्हणत राहावं वाटलं, तर कमी. आई तर शाळेत गेली नाई, पाढा तूच तिले पाठ करून देल्ला होता. तुझी रीत तुलेच परत.

अन् झाकण उघडून उघडून पाहू नको. तुझी सवय मले ठाऊक हाये. पोरं पेपर लिहीत असली तरी तू तीनदा मागून डोकावत असशील.

कवितेबद्दल. ठिगळ आभाळाले नोहतं, कवेलू फुटलं होतं. त्याच्यातून पाणी गळे अन् आई खाली पितळी गंज ठेवे. तुले ओट्यावरून निळा धागा दिसला, आमचे डोळे चुरचुरले.

थट्टेचं काऊन मनाले लावून घेतो? पंचावन वर्षं होत आली. त्या पावसाळ्यात मी बाळंतपणाले आली होती, दार उघडं राह्यलं माझ्याच्यानं, कुत्र्यांनी आईच्या साऱ्या चान्या नेल्या. झालं ते झालं. आता माझी नातवंडं मले कडीबाई म्हणतात, तर म्हणोत. हसल्यानं काय जाते. पण तू लिहीन म्हणतो, तर लिही. तुझ्या पत्राची वाट पाहते.

मायेनं,
तुझी बाई


नागभीड
२८ नोव्हेंबर

ती. बाईस,
सविनय जय भीम. वि. वि.

मोहाचा भारा पोचला. खुशालनं तो गडचिरोलीहून नागभीडच्या गाडीत इतका जपून ठेवला होता की कंडक्टरनं मला विचारलं, यात आहे तरी काय. मटण वर कोरडं होईपर्यंत ऊन दिलं. चकती अर्धी, झडप दोन बोटं. पहिला तास धूर पांढराच निघाला, मग हळूहळू विरळ झाला आणि पेरूची पानं त्याच्यातून दिसू लागली. हात धरून पाढा म्हटला. बारा नव्वे एकशे आठला हात ओढावा लागला. झडप एक बोट केली. मग बारा दाहे एकशे वीस निवांत. झाकण मी चारदा उघडलं, खोटं सांगत नाही. चव पुष्कळ जवळ आली, पण आईची नाही. तरी आता लिहितो, कारण धूर अगदी जमेपर्यंत थांबलो तर मी कधीच लिहिणार नाही, हे मला कळलं आहे.

बाई, त्या चान्या कुत्र्यांनी नेल्या नाहीत. मी नेल्या.

१९७० चा आषाढ. मला शाळेवर लागून दोन महिने झाले होते. हेडमास्तर म्हणाले होते, गुरुवारी तुमच्या गावावरून जायचं आहे, जमलं तर घरी चहाला येतो. आपल्या वस्तीत, आपल्या घरी, ते येणार. मी बाजारातून नव्या कपबश्या आणल्या. आई धानाच्या रोवणीला गेली होती. तुला आठवा महिना. मीच तुला म्हटलं, बाई, तू आत पड, मी आहे. तू झोपलीस.

मी रांधणीत गेलो आणि वर पाहिलं. ताटी भरून चान्या. तुझ्या बाळंतपणासाठी आईनं महिनाभर धूर देऊन राखलेल्या, तुला रस्सा करून घालायला. मला त्यांचा वास आला. लहानपणापासून ज्या वासानं मला भूक लागायची, त्याच वासाची त्या दिवशी लाज वाटली. हेडमास्तरांना हा वास आला तर ते काय म्हणतील, शाळेत जाऊन काय सांगतील, हेच डोक्यात. मी साऱ्या चान्या उतरवल्या, शाळेच्या पिशवीत वह्यांखाली घातल्या आणि बोडीच्या पाण्यात नेऊन टाकल्या. वास जावा म्हणून मागचं दार मी उघडं ठेवलं. तू नाही, मी. मग बिस्किटं आणायला दुकानात गेलो.

परत आलो तेव्हा आई तुला बोलत होती. घर सांभाळता येत नाही तर लेकरू काय सांभाळशील, असं म्हणत होती. आईनं तुला तसं कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तू पोट धरून उभी होतीस आणि म्हणत होतीस, मी दार लावलं होतं वाटते, आई, मले वाटते मी लावलं होतं. मी उंबऱ्यात उभा होतो, हातात बिस्किटांचा पुडा. एक वाक्य बोलायचं होतं. मी ते बोललो नाही.

हेडमास्तर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पाऊस होता.

पुढचं तुला माहीत आहे. खुशाल जन्मला, अशक्त जन्मला, आणि तेही तुझ्याच नावावर गेलं. आई गेली एकोणनव्वदला, खरं न कळता. मी दरवर्षी स्मृतिदिनाला थट्टा ऐकतो, आणि सगळ्यांबरोबर हसतो. मुलांना चाळीस वर्षं मी खरं बोलण्याच्या कविता शिकवल्या, चालीवर.

क्षमा मागण्याइतकं तोंड मला नाही. तू सांगशील ते करीन. स्मृतिदिनाला सगळ्यांसमोर, तुझ्यापुढे उभा राहून सांगावं असं ठरवलं आहे.

तुझा अपराधी,
बापू


नागभीड
१४ डिसेंबर

ती. बाईस,
सविनय जय भीम. वि. वि.

माझं पत्र तुला पोचलं असेल. पोस्टमनला रोज विचारतो. खुशालला फोन केला, तो म्हणाला आईची तब्येत ठीक आहे, अंगणात बसते, इतवारीबाईंशी बोलत नाही एवढंच. मी त्याला काही सांगितलेलं नाही.

भट्टीचं लिहितो, दुसरं काय लिहू. ड्रमला आतून चांदी रंग दिलेला होता हे मला ठाऊक नव्हतं. तापला की त्याचा वास मटणाला लागत होता, म्हणून चव आईची येत नव्हती. मिथुनला बोलावून चांगला विस्तव केला, सारा रंग जाळून खरवडून काढला, मग आतून तेल चोळलं. शेजारच्या हर्षाबाईंनी दोरीवरचं धुणं उचलून नेलं आणि मला म्हणाल्या, गुरुजी, एवढं काय जाळून राह्यले?

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
बापू


मुलचेरा
१९ डिसेंबर

बापू,

मी बरी हाये.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हा कवितेतलंच काही लिहून राह्यला. दुसऱ्यांदा वाचलं अन् चूल विझवली. दोन दिवस पेटवली नाई. इतवारी भाकर आणून ठेवे अन् जाये, तिले समजते कधी बोलू नये ते.

तुले वाटत असंन मी लिहीन, जाऊ दे बापू, लहान होतास. तू लहान नोहता. वीस वर्षांचा होता, मास्तर होता. मी चोवीसची होती अन् माझ्या पोटात लेकरू होतं. खुशालले तीन महिने दूध पुरलं नाई. मी त्याच्याकडे पाहून रोज म्हणे, बाबा, तुझ्या आईनं दार उघडं ठेवलं. हे तुले माहीत नोहतं, म्हून लिहिते.

तू म्हणतो, सगळ्यांसमोर, माझ्यापुढे उभा राहून सांगीन. नाई. मी यंदा येत नाई. मी समोर असली तर तू सांगशील, तुझे डोळे भरतील, अन् सारे माझ्या तोंडाकडे पाहतील. मग मले हसून म्हणा लागन, होते असं, भावाचं मन मोठं. मी पंचावन वर्षं हसले. आता मले हसाचं नाई. अजून तरी नाई.

माझ्या पाठीमागं सांग. जसा माझ्या पाठीमागं नेल्या, तसा. सगळे जेवाले बसले की सांग, उठून जाण्याच्या आधी. खुशाल असला पाह्यजे, तो सगळ्यात जास्त हसते. कविता म्हणाची नाई. रडाचं नाई. हेडमास्तर आले नाईत, तेही सांग. काही ठेवून घेऊ नको.

मग रश्मीले म्हण, मले पत्र लिही. तू लिहू नको, तू चांगलं लिहितो.

केसर


नागभीड
२७ डिसेंबर

ती. बाईस,
सविनय जय भीम. वि. वि.

तू म्हणतेस तसंच करीन.

रश्मीला काल सारं सांगितलं. ती ताट उचलून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. आज सकाळी मात्र मोहाची लाकडं फोडून दिली.

चान्या झाल्या आहेत. चांगल्या की वाईट ते मी ठरवत नाही.

बापू


नागभीड
१३ जानेवारी २०२५

प्रिय केसरआजीस,
रश्मीचा जय भीम.

पत्र लिहायची मला सवय नाही, शाळेत मार्कांसाठी लिहिलं होतं तेवढंच. तू सांगितलंस म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. आजोबांना वाचायला देणार नाही, असं त्यांना सांगितलं आहे.

काल सकाळी वंदना झाली. साडेअकरापर्यंत चाळीसेक माणसं होती. ब्रह्मपुरीचे आले, गडचिरोलीहून खुशालकाका आणि काकू, चंद्रपूरची सगळी. तू नाहीस म्हणून प्रत्येक जण विचारत होता. मी म्हटलं, गुडघा. आजोबांनी मला मधेच थांबवलं आणि म्हणाले, गुडघा नाही, ती यायला नाही म्हणाली आहे, कारण सांगतो जेवताना.

पंगत बसली. भात, वरण, वांग्याची भाजी आणि प्रत्येकाच्या पानात चान्यांचा रस्सा. पहिला घास घेतल्यावर सगळे पानाकडेच पाहू लागले, आजी. ब्रह्मपुरीच्या मोठ्या काकांनी रस्सा बोटानं चाटला आणि म्हणाले, ही तर मोठ्या आईच्या हातची चव. बायका मला विचारू लागल्या कोणी केलं म्हणून. मग कोणीतरी, नेहमीसारखं, म्हटलं की बरं झालं केसरबाई नाही आली, नाही तर हेही कुत्र्यांनी नेलं असतं. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं खुशालकाका.

आजोबा तेव्हा उभे राहिले. हात उष्टाच होता. मला भीती वाटली, ते कवितेनं सुरुवात करतील. केली नाही. इतक्या साध्या शब्दांत बोलले की मागच्या लोकांना आधी वाटलं, वाढायचं काही सांगताहेत. म्हणाले, त्या चान्या कुत्र्यांनी नेल्या नाहीत, मी बोडीत टाकल्या. दार केसरबाईनं उघडं ठेवलं नाही, मी ठेवलं. हेडमास्तर येणार होते म्हणून मला वासाची लाज वाटली. ते आले नाहीत. आई तिला बोलली तेव्हा मी समोर उभा होतो आणि गप्प राहिलो. बस, एवढंच. रडले नाहीत. सांगून झाल्यावर बसले नाहीत, उभेच राहिले, जसं काही कोणी बसा म्हणेपर्यंत बसायचं नाही.

कोणी बस म्हटलं नाही.

मग ब्रह्मपुरीच्या काकांनी रागानं विचारलं की इतकी वर्षं काय केलं. आजोबा म्हणाले, हसलो. एक काकू रडू लागल्या. मुलांना काही कळलं नाही, ती आणखी रस्सा मागत होती.

खुशालकाका पानावरून उठले आणि मागच्या परसात गेले. मी पाणी घेऊन मागे गेले. सकाळी चान्यांना शेवटचा धूर दिला होता, भट्टी अजून कोमट होती. ते झाकण उघडून आत पाहत उभे होते. मला म्हणाले, रश्मी, मी बोलायला लागलो तेव्हापासून आईला हसतो आहे. माझ्या पोरांना कडीबाई म्हणायला मीच शिकवलं. मग म्हणाले, ती मला लहानपणी जेवू घालताना पदरानं डोळे पुसायची, मला वाटायचं धूर जातो डोळ्यांत.

मग आत येऊन त्यांनी आजोबांना हाताला धरून खाली बसवलं. आजोबांनी पुढचा घास घेतला नाही, पण ताटावरून उठलेही नाहीत.

खुशालकाका उद्या पहाटेच्या गाडीनं मुलचेऱ्याला निघणार आहेत. आजोबांनी उरलेल्या चान्या पळसाच्या पानांत बांधून त्यांच्याकडे दिल्या आहेत. त्यात चिठ्ठी ठेवली का म्हणून मी पाहिलं. ठेवलेली नाही.

आजी, माझं मत विचारशील तर, मला आजोबांचा अजून राग आहे. पण काल ते उभे होते तेव्हा मला त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहावंसं वाटलं. मी गेले नाही, कारण तू सांगितलं नव्हतंस.

माया आहेच, ती वाढू दे.
रश्मी


मुलचेरा
२६ जानेवारी

चि. बापूस, चि. रश्मीस,
दोघांले आशीर्वाद.

आज शाळेचं झेंडावंदन पाहून आले. पोरांनी कविता म्हटल्या, मले ऐकू नाई आल्या, तोंडं हलताना दिसली. तुझी आठवण आली बापू, म्हून घरी येऊन कागद काढला.

खुशाल पाच दिवस राह्यला. मी म्हटलं, यंत्र लावू का? तो म्हणे नको. मग त्यानं पाटी आणली, इतवारीच्या नातीची, अन् तिच्यावर लिहून लिहून मले विचारू लागला. तू मले काय खाऊ घातलं. आजी तुले काय बोलली. बोडी कुठी होती. मी सांगे, तो पाटी पुसे, पुन्हा लिहे. पंचावन वर्षांत त्यानं मले इतकं कधी विचारलं नोहतं. जाताना पाटीवर लिहून गेला की पोरं आता आजी म्हणतील, दुसरं काही नाई.

चान्या शिजवल्या. इतवारीले बसवलं. मीठ जास्त हाये बापू, तुझा हात पहिल्यापासून मिठाले सैल. धूर बरोबर हाये. मी डोळे मिटून दोन तुकडे खाल्ले अन् मले वाटलं, आता आई मागून म्हणंन, आणखी घे, दोन जिवांची हायेस. तिनं तसं म्हटलं असतं. तिचा राग तिचा नोहता, इतकं मले आता समजलं. पंचावन वर्षं मी आईवर मनात रुसून होती, हे मी कोणाले सांग्तलं नोहतं. आता रुसवा तुझ्याकडं सरकवला हाये. तू जिता हायेस, तू सांभाळशील.

माफ केलं असं मी लिहीत नाई. ते लिहाची गोष्ट नाई वाटत मले. पण फाल्गुनात मोह पडाले लागते, तेव्हा इकडं ये. रश्मीले दोन दिवस सुटी काढाले लाव. तू सकाळी माझ्यासोबत मोह वेचाले चाल, कंबर मोडंपर्यंत वाक, मग पाहू. ड्रम आणू नको, इतवारीच्या रांधणीत ताटी हाये.

आणखी एक सांगाचं राह्यलं. माझ्या मालकांले माहीत होतं, इतवारीले माहीत हाये, तुमाले माहीत नाई. खुशाल जन्मला तेव्हापासून मी कधी एका बसणीनं जेवली नाई. अर्ध्या जेवणात उठाचं, मागच्या दाराची कडी हात लावून पाहाची, मग येऊन बसाचं. मालक म्हणत, भात गार झाला. त्यांच्या जंगलखात्याच्या क्वार्टरमधी होतो तेव्हाही, इथी आल्यावरही. सवयच पडली, काऊन उठतो ते आठवतही नोहतं.

परवा दुपारी इतवारी अन् मी जेवत होतो. मी उठली. अर्ध्यापर्यंत गेली. मग माघारी येऊन बसली. इतवारीनं माझ्याकडं पाह्यलं अन् माझ्या पानात भात वाढला. गरम होता.

येशील तेव्हा आधी कळव.
तुमची,
केसरबाई